ट्रान्सम, प्रचलित नमुन्याप्रमाणे

कोणतं काम केव्हा करावं हे ज्याला कळलं, त्याला आयुष्यात दुसरं काही कळण्याची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी बोटीत बसून तयार केलं. बोट नागपूरच्या नंदनवन वस्तीत, आमच्या अंगणात, विटांच्या चार थप्प्यांवर ठेवलेली होती, आणि मत पक्कं होईपर्यंत तिला तिथे चौदा महिने झाले होते.

बोट आली कशी यात सांगण्यासारखं फार नाही. खाप्याजवळच्या एका मँगनीज खाणीचे मॅनेजर नोकरी संपवून डेहराडूनला गेले आणि जाताना कन्हान नदीत फिरवायची आपली जुनी लाकडी बोट मला देऊन गेले. आमची ओळख रस्त्याच्या कामावरची. त्यांचा माझ्यावर काही राग असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. सोबत इंग्रजीत दोन ओळींची चिठ्ठी होती : ट्रान्समला पाणी लागलं आहे, दुरुस्ती केव्हा करायची ते लवकर ठरवा.

आता, बांधकाम खात्यात माझी चौतीस वर्षं एस्टिमेट करण्यात गेलेली. ट्रान्सम म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. दाराच्या चौकटीत वरच्या अंगाला जी आडवी पट्टी असते, जिच्यावर झरोका बसतो, तो ट्रान्सम. सरकारी क्वार्टरात असे पाच-सात असतातच. मी बोटीला तीन फेऱ्या मारल्या.

माझी पत्नी प्रेमलता पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. "काय शोधून राहिले?"

"दार."

"कशाचं?"

"बोटीचं."

तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. तिचं माहेर खाप्याचं, नदीला लागून. "आमच्याकडं तं डोंग्यात वरूनच चढत," ती म्हणाली.

मी डेहराडूनला कार्ड टाकून दाराची चौकशी केली. उत्तरादाखल बोटीचं चित्र आलं, आणि चित्रात बोटीच्या मागच्या सपाट, उभ्या फळीला एक बाण टोचलेला. शेजारी एकही शब्द नव्हता. मोठ्या माणसांना राग शब्दांविना व्यक्त करता येतो. तर बोटवाल्यांच्या भाषेत ट्रान्सम म्हणजे मागची फळी. मॅनेजर साहेब तिच्यावर मोटर बसवत. मोटर ते घेऊन गेले, तिच्या बोल्टांची चार भोकं माझ्यासाठी ठेवून गेले, आणि त्या भोकांतून पाणी फळीच्या पोटात शिरलं होतं. वरून रंग मात्र असा तुकतुकीत की जणू नवरी मुलगी दाखवायला आणली आहे.

दुरुस्ती करायची यात वाद नव्हता. वाद होता तो केव्हा, यात. आणि केव्हा हा प्रश्न विचारला रे विचारला की आमच्या गल्लीत माणसं चहाच्या वेळेसारखी गोळा होतात.

पहिले आले भैय्याजी. हे शेजारी, आमच्या सोसायटीचे सचिव, रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, अंगाने मालधक्क्याला शोभतील असे. त्यांनी फळीवर थाप मारली. "गणपतराव, आमच्याकडं डबा खराब झाला की आम्ही पहिले त्याच्यावर तारीख टाकत होतो. दुरुस्ती मागून. तारीख पडली की डबा अर्धा दुरुस्त."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो दुसऱ्या स्टेशनावर होत होता."

मग प्रेमलताने खाप्याहून देवाजीला बोलावून घेतलं. देवाजी ढीवर, जन्म नदीत गेलेला, तिच्या माहेरच्या घरोब्यातला. त्यामुळे मी गावाचा जावई. त्याने आधी चहा घेतला. मग बोटाच्या पेराने फळी ठोकत गेला. वरच्या अंगाला टणटण वाजली. भोकांच्या आसपास मात्र भाजलेल्या वांग्यावर मारल्यासारखा आवाज आला. त्याने खिशातून एक खिळा काढला आणि नुसत्या अंगठ्याने दाबला. खिळा अर्धा आत गेला.

"गेली हे," तो म्हणाला.

"किती गेली?"

"ते वाळल्याबिगर नाई सांगता येत, जवाईबापू. ओल्यात सारंच सडल्यावानी लागते. चैत लागू द्या."

ही गोष्ट मला पटली. चैत्र लागला, मग वैशाख. नागपूरचा वैशाख लाकडाला वाळवून थांबत नाही, त्याला पश्चात्ताप व्हायला लावतो. मागची फळी वाळली, पण तिच्याबरोबर सगळ्याच फळ्या आकसल्या, आणि बोटीच्या या बाजूला बसलं की त्या बाजूची तुळस फटींतून स्पष्ट दिसू लागली.

तेव्हा मी नत्थूजी मिस्तरीला गाठलं. नत्थूजी शांत, पक्क्या हाताचा सुतार. एका ठेकेदाराकडे अठरा वर्षं त्याने सरकारी क्वार्टरांची दारं-खिडक्या केल्या होत्या, आणि त्याने बसवलेलं दार पावसाळ्यातही एका बोटाने लागत असे. त्याने फटींत पोस्टकार्ड सारून पाहिलं आणि मान हलवली.

"आता माप घेतलं तं पावसात फुगते, साहेब. मंग म्हणान नत्थूनं फळी उलून टाकली. पाऊस लागू द्या."

हीसुद्धा गोष्ट मला पटली. पटणं हा माझा स्वभावच आहे. पाऊस लागला आणि बोट भरली. फळ्या फुगून फटी बुजल्या. आत वीतभर पाणी साचलं आणि साचून राहिलं. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की आतलं पाणी बाहेर जात नाही, त्या अर्थी बाहेरचंही आत येणार नाही; हे साधं शास्त्र आहे.

"मंग त्यात चादरी भिजवू का?" प्रेमलताने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता भिजवल्या.

मागच्या फळीतून मात्र तपकिरी पाणी पाझरत राहिलं, आणि एके दिवशी मलेरियाचा माणूस आला. त्याला पाण्यात डासांची पिलं दिसली. त्याने फवारा मारला, आणि घराच्या भिंतीवर लिहितात तशी गेरूने बोटीवर तारीख लिहून सही केली.

भैय्याजी कुंपणावरून पाहत होते. "झालं," ते म्हणाले. "तारीख पडली."

एवढ्यावर राहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण सप्टेंबरात सोसायटीची सभा झाली आणि विषय क्रमांक चार होता "सभासद गणपतराव यांची बोट". भैय्याजींनी ठराव वाचला : सदर बोट येत्या कोजागिरीच्या दिवसापर्यंत पाण्यात न गेल्यास तीत माती भरून मोगरा लावण्यात यावा व फुलं सर्वांची समजावीत. एका सभासदाने मोगऱ्याऐवजी निशिगंध सुचवला. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. बोट पाण्यात जाईल की नाही यावर एक मिनिटही नाही. ती जाणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि माझ्याकडे पाहून हसत होते, प्रेमाने. अपमान प्रेमाने केला की त्याला उत्तर देता येत नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने प्रेमलता उभी राहिली. जी बाई घरात त्या बोटीला "तुमचं ते टोपलं" म्हणे, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मोगऱ्याची रोपं आणू नका. कोजागिरीले बोट फुटाळा तलावात जाईन. मी बसीन तिच्यात."

सभेने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली आणि दाराशीच थांबून म्हणाली, "या गल्लीत बोललेली गोष्ट मी आजवर मागं घेतली नाही. तुमच्यापायी घ्यावी लागली तर पाहा."

आता वेळ आपोआप ठरली. तरीही मी तिला शास्त्राचा आधार दिला : भाद्रपदाच्या अखेरीस लाकूड ना फुगलेलं असतं ना आकसलेलं, म्हणजे दुरुस्तीला वर्षातला हाच काळ योग्य. हा शोध माझा स्वतःचा. नत्थूजीलाही तो मान्य झाला, पण त्याची अडचण वेगळी होती.

"दसऱ्याच्या आधीचे चार दिवस अन् नंतरचे दोन, मी नाई भेटणार. दीक्षाभूमीले येणारे पाहुणे माह्या घरी उतरतात. मागच्या साली एकोणतीस होते. माह्या बायकोनं, भीमाबाईनं, आत्तापासून पीठ दळाले टाकलं. म्हून आत्ताच करून देतो. पण कागदावर लिहून द्या. तोंडी काम मी घेत नाही, साहेब. तोंडी कामात नेहमी मिस्तरीच चुकते."

मी पेन उघडलं. मला काय हवं आहे ते मला पूर्ण माहीत होतं. पण चौतीस वर्षांची सवय हाताला असते, डोक्याला नसते. हाताने लिहिलं : "जुना सडलेला ट्रान्सम काढून त्याच मापाचा नवीन सागवानी ट्रान्सम प्रचलित नमुन्याप्रमाणे सर्व साहित्यासह बसवून देणे." खाली माझी सही. नत्थूजीने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरोबर हे."

त्याला कामावर बसवून मी तलावाच्या परवान्यामागे लागलो. कोणतं दफ्तर ते सांगत नाही, कारण तिथल्या बाबूंनी माझ्याशी सभ्यतेने वागण्याची शर्थ केली. पहिल्या दिवशी त्यांनी बोटीला चाकं किती ते विचारलं, कारण फॉर्म वाहनांचा होता. दुसऱ्या दिवशी बोटीचा फॉर्म सापडला.

"दुरुस्तीपूर्वी पाहणी झाली पाहिजे," बाबू म्हणाले.

"मग या पाहायला."

"पाहणी तरंगत्या बोटीची होते."

"दुरुस्तीशिवाय ती तरंगत नाही हो."

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं : माझी बोट तरंगत नाही. एवढं अपमानकारक वाक्य मी स्वतःविषयी कधी लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबूंनी तो कागद साहेबांकडे नेला आणि हसतमुखाने परत आले. साहेबांचा शेरा असा होता : "जी बोट तरंगत नाही तिला परवान्याची आवश्यकता नाही." खाली गोल शिक्का.

मी तो कागद फडकवत घरी आलो. अंगणात नत्थूजी हातातली पटाशी पुसत होता. नवी फळी बसली होती. सागवान असं की हात फिरवत राहावा. सांधे असे की त्यांत नख जाऊ नये. आणि फळीच्या वरच्या भागात, बरोबर मध्यभागी, दीड फूट लांब नि नऊ इंच उंच असा झरोका होता. त्याला बाहेर उघडणारी झडप, वर दोन बिजागऱ्या, खाली पितळी कडी.

मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "नत्थूजी, हे काय?"

"झरोका."

"बोटीला?"

त्याने खिशातून माझा कागद काढला. "ट्रान्सम, प्रचलित नमुन्याप्रमाणे, सर्व साहित्यासह. ट्रान्सम आला तिथं झरोका येते. दोनशे क्वार्टरात तसाच केला. काहून, चुकलं का काही?"

चुकलं होतं. पण सही माझी होती.

"नाही," मी म्हणालो. "कागदाप्रमाणेच आहे."

"मलेही जरा नवल वाटलं," तो म्हणाला. "मंग म्हटलं, आधीची फळी सडली काहून? हवा नव्हती म्हून. साहेबानं इचार करूनच लिहिलं असन."

सांगा, या माणसाला मी काय म्हणणार होतो? दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे पाहुणे येणार होते. फळी पुन्हा करायला वेळ नव्हता, लाकूड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर, हवेचा मुद्दा मला पटला होता. मी कागदावर "काम समाधानकारक" असं लिहून दिलं. प्रेमलता बाहेर आली, तिने झडप उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"हवा छान येईन," ती म्हणाली. मग कडी लावून आत गेली.

मोगऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे कोजागिरीच्या आदल्या दिवशी, देवाजी आला. त्याने झरोक्यातून पलीकडे पाहिलं.

"हे कायच्यासाठी, जवाईबापू? पाण्याले पाहाले?"

"लाकडाला हवा."

त्याने वितेने मापं घेतली, बोटीच्या दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, पुटपुटत हिशेब केला. "दोघं बसान तं पाणी झरोक्याच्या च्यार बोटं खाली राहीन. कडी लावून ठेवा. तिसरा माणूस घेऊ नका."

कोजागिरीच्या दुपारी हातठेल्यावर बोट निघाली. नंदनवन शहराच्या एका टोकाला आणि फुटाळा दुसऱ्या. जुन्या महाल भागातून जाताना लोकांना वाटलं उशिरा निघालेलं देवीचं विसर्जन आहे. दोन बायकांनी हात जोडले आणि एका गृहस्थाने मंडळ कोणतं ते विचारलं. मी ठेल्यामागून डोकं वर करून चालत होतो. वरात कोणाचीही असो, तिच्यामागून खाली मान घालून चालू नये.

पाच वाजता आम्ही काठावर पोचलो. गल्लीतली चाळीसेक माणसं मसाला दुधाचं पातेलं घेऊन आधीच आली होती. बोट पाण्यात ढकलली. पुढे प्रेमलता बसली, हिरव्या साडीत, हात मांडीवर, फोटोला बसावं तशी. मधे मी वल्ही घेऊन. बोट डुलली, स्थिरावली आणि तरंगली. पाणी झरोक्याच्या चार बोटं खाली होतं. देवाजी काठावर उभा राहून पाहत होता. कोणीतरी टाळी वाजवली.

"थांबा," भैय्याजी म्हणाले. त्यांच्या बगलेत सोसायटीचं रजिस्टर होतं. "ठराव सोसायटीचा आहे. सचिवाने प्रत्यक्ष पाहायला पाहिजे."

"काठावरून दिसते की."

"काठावरून सारंच तरंगताना दिसते."

मी देवाजीकडे पाहिलं. तो आकाशाकडे पाहू लागला. नाही म्हटलं असतं, तर रात्रीपर्यंत गल्लीभर झालं असतं की गणपतरावांची बोट तिसऱ्या माणसाला घाबरते. मी प्रेमलताकडे पाहिलं. तिने मान किंचित हलवली, होकारार्थी. शब्द तिने दिला होता.

"या," मी म्हणालो.

भैय्याजी मागच्या बैठकीवर बसले आणि बोट त्या बाजूने खाली गेली, मालगाडीचा डबा भरताना जातो तशी, हळूहळू, तक्रार न करता. त्यांनी ट्रान्समला आरामात पाठ टेकली. मी वल्हवू लागलो. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं. त्यामुळे पुढे काय आहे ते मला दिसत नव्हतं, आणि मागे काय आहे ते फारच दिसत होतं.

तलावाच्या मधोमध आल्यावर भैय्याजी म्हणाले, "हवा छान येऊन राहिली हो, गणपतराव. पाठीले गारगार लागते."

त्यांच्या भाराने कडी निसटली होती. झडप बाहेर ढकलली गेली होती आणि तिच्या जागी आता भैय्याजींची पाठ होती. पाठ दीड फुटापेक्षा जास्तच भरेल. कडांनी पाणी ओघळत होतं, तेवढंच. त्यांना सांगावं की सांगू नये, सांगायचं तर केव्हा, याचा मी विचार करू लागलो.

"टेकून बसा, भैय्याजी," माझ्या मागून प्रेमलताचा आवाज आला. अतिशय गोड. "अजून आरामात."

"बसतो, वहिनी. पहिले लोकांना हात दाखवतो." आणि ते काठाकडे हात हलवायला वळले.

दोनेक बादल्या पाणी आत आलं. भैय्याजी परत टेकले. एक हात पाठीमागे घालून त्यांनी चाचपलं.

"गणपतराव," मग ते हळू म्हणाले, "ही हवा ओली आहे."

"हो."

"येते कुठून?"

"ट्रान्सममधून."

"मी उठलो तर?"

"तर मोगरा लावता येणार नाही. इतक्या खाली ऊन पोचत नाही."

भैय्याजींनी काठावरच्या चाळीस माणसांकडे पाहिलं. ते सगळे त्यांचे मतदार होते. मग त्यांनी पाय समोर ताणून रोवले आणि पाठ फळीवर अशी दाबली की ओघळसुद्धा थांबला. "आस्ते वल्हवा," ते म्हणाले. "धक्का देऊ नका."

"भैय्याजी, हसा थोडे," प्रेमलता म्हणाली. "लोक पाहून राहिले."

ते हसले. मी आस्ते वल्हवलं. एवढी सरळ बोट मी आयुष्यात चालवली नव्हती. अर्थात दुसरी कोणती चालवलीही नव्हती. काठाला लागल्यावर टाळ्या झाल्या. देवाजीने बोट चिखलात ओढून धरली. प्रेमलता घोट्याएवढ्या पाण्यातून उतरली, पदर नीट केला आणि मागे न पाहता दुधाच्या पातेल्याकडे गेली. तिची पाठ मी इतकी ताठ लग्नातही पाहिली नव्हती.

"लिहा ना, भैय्याजी," कोणीतरी ओरडलं.

भैय्याजींनी बसल्या जागी रजिस्टर उघडलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "बोट पाण्यात गेली व परत आली. ठराव रद्द." खाली सही केली, तारीख टाकली.

"आता उतरा. दूध निवून राहिलं."

"तुम्ही घ्या," ते म्हणाले. "मी बसतो जरा. हवा चांगली आहे."

लोक पातेल्याकडे गेले. भैय्याजींनी रजिस्टर माझ्या हातात दिलं, माझी बाही धरून मला जवळ ओढलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "वहिनींना सांगा, सगळ्यांना अजून एकेक पेला द्या. अन् तुमच्याजवळ टॉवेल असन, तर तेवढा सरकवा."